आंब्यापर्यंतची जोडी

धरमपेठ, नागपूर
मंगळवार, १३ डिसेंबर १९७७
(रजिस्टर, पोचपावतीसह)

श्री. मधुसूदन गणपतराव टेंभेकर यांस,

रविवार, ११ डिसेंबर १९७७, सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटे. ही वेळ लिहून ठेव. शेजारच्या इंदूबाईंनी ती सांगितली, त्यांचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, ती मी वजा केली. तेहतीस वर्षं ट्रंक कॉलच्या तिकिटांवर वेळ टाकली आहे. वेळेच्या बाबतीत माझ्याशी वाद घालू नकोस.

वर ‘चिरंजीव’ नाही आणि खाली ‘अनेक आशीर्वाद’ नसतील. विसरले म्हणून नव्हे.

रविवारी सकाळी सातला मी नेहमीप्रमाणे फिरायला निघाले. थंडी पडली की दर रविवारी आमची सहा जणांची मंडळी शहराबाहेर बेसा गावाला जाते. बसपर्यंत पायी, बस संपते तिथून पुन्हा पायी, घाई कोणालाच नसते. आमच्यातल्याच रुपरावांच्या शेतात हुरडा खायचा, उन्हाला पाठ देऊन बसायचं, संत्री सोलायची आणि परतायचं. गोपिका ह्या खेपेस आली नाही, गुडघा दुखतो म्हणाली. तिच्यासाठी मी हुरडा रुमालात बांधून आणला. चार वाजून दहा मिनिटांनी घरी पोचले, तर दाराला कुलूप आणि किल्ली इंदूबाईंकडे.

आत तिची खाट दुमडून भिंतीला लावलेली होती. खिडकीखाली, जिथे पंधरा वर्षं तिचं शिवणाचं मशीन होतं, तिथे फरशीवर चार पायांच्या चार खुणा होत्या.

इंदूबाई म्हणाल्या, “मी म्हटलं वं बाई, मशीन काहून नेऊन राहिले? शामलाबाईले येऊ द्या. तर तुमचा भाचा हसून म्हणे, ‘काकू, आनंदाची बातमी आहे, आत्याच सांगेल.’ गोपिकाबाईनं चहाचे कप धुतले, पालथे घातले अन् रिक्षात बसली.”

कप दोन होते. म्हणजे तू माझ्या घरात बसून, तिच्या हातचा चहा पिऊन, मग तिला बाहेर काढलंस. तुझ्या आजोबांनी सावकाराच्या वसुलीवाल्यालाही चहा पाजला होता, पण तो निदान पैसे मागायला आला होता.

आनंदाची बातमी कोणती? ती माझ्याच घरात मला सर्वांत शेवटी का कळावी? आणि गोपिकेला काय सांगितलंस, शब्दन् शब्द? उत्तर कागदावर हवं. घरी येऊ नकोस. तोंडी बोलणं नंतर फिरवता येतं.

शामला टेंभेकर
निवृत्त सुपरवायझर, ट्रंक एक्सचेंज


धरमपेठ
१५ डिसेंबर १९७७

तीर्थरूप शामलाआत्यास,
मधुसूदनचा शिरसाष्टांग नमस्कार.

आत्या, दोन गल्ल्या पलीकडच्या भाच्याला रजिस्टर! पोस्टमन हसत होता. पण मी समजलो. माणूस लाजला की आधी रागावतो.

आता लपवण्यात अर्थ नाही. तीन रविवार मी गॅलरीत दात घासताना पाहतो आहे. तुम्ही आणि ते उंच गृहस्थ, वामनराव. त्यांच्या हातात तुमचा थर्मास, तुमच्या खांद्यावर त्यांची मफलर. परवा कोपऱ्यावर सायकल आडवी आली, तर त्यांनी तुम्हाला दंडाला धरून बाजूला घेतलं. शोभा म्हणाली, “अहो, आत्या ह्या वयात लग्न करून राहिल्या की काय?” मी म्हटलं, “करू दे की! आपण कोणत्या जमान्यात राहतो?”

मी जुन्या वळणाचा नाही, हे तुम्ही जाणता. उतारवयात माणसाला माणूस लागतं. लोक काय म्हणतील ह्या भीतीपोटी आपल्या समाजात किती जीव एकटे झुरतात! ह्या विषयावर आमच्या स्नेहवर्धक मंडळात बोलायचं माझ्या मनात केव्हापासून होतं. उदाहरण घरातच निघालं, हे माझं भाग्य.

राहिल्या गोपिकाबाई. तुम्ही भिडस्त, तुमच्याने त्यांना सांगवलं नसतं, म्हणून तो वाईटपणा मी घेतला. अत्यंत सन्मानाने बोललो. “आत्याचा संसार मांडायचा आहे, दोन खोल्यांत अडचण होईल,” म्हटलं. “तुम्ही आत्याच्या कोण?” असंही विचारलं, नात्यातल्या असतील तर वेगळी सोय करावी म्हणून. त्या म्हणाल्या, “भाडेकरू.” मग प्रश्नच मिटला. रामटेकच्या बसपर्यंत रिक्षा मी करून दिली, मशीन टपावर चढवायला माणूस दिला.

सोबत निमंत्रणपत्रिकेचं प्रूफ पाठवतो. रविवार, १ जानेवारी, सकाळी दहा, मंडळाचं सभागृह. ‘शामलाबाई टेंभेकर आणि त्यांचे जीवनसाथी ................ यांचा हृद्य सत्कार’. वामनरावांचं पूर्ण नाव मला ठाऊक नाही, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. ती तुम्ही तुमच्या सुंदर अक्षरात भरून पाठवा, तसंच छापतो. व्यासपीठावर दोन सजवलेल्या खुर्च्या आणि दोनशे माणसं असतील. तोंडी आमंत्रणं देऊन झाली आहेत.

आपला आज्ञाधारक,
मधुसूदन


रामटेक
१६ डिसेंबर

शामल,

तुह्या दोन तारा अन् एक पत्र भेटलं. तार पाहून देवरावदादा घाबरला, त्याले वाटलं कोणी मेलं. वहिनीनं रडायले सुरुवात केली होती. पुढे तार करू नको.

लग्नाच्या गोष्टीचा मले राग नाही आला वं, हसू आलं. तू अन् वामनराव! रुपरावले पुसल्याबिगर तो माणूस चहात साखर घालत नाही. तुह्या भाच्यानं चांगलं स्थळ पाहिलं.

पण त्यानं पुसलं, “तुम्ही आत्याच्या कोण?” सत्तावीस वर्षांत तूच मले उत्तरं शिकवली. दूधवाल्याले मैत्रीण सांगायचं, रेशनकार्डवाल्याले भाडेकरू, तुह्या ऑफिसच्या बायांले दूरची बहीण. तो कपाटाकडे, खाटांकडे पाहून राहिला होता, रेशनकार्डवाला पाहते तसाच. माह्या तोंडून भाडेकरू निघून गेलं. त्यानं मशीनच्या झाकणावर हात ठेवला अन् म्हणे, “मग हे तुमचंच ना?” मी काय म्हणणार होती? माह्याच शब्दानं त्यानं मले बाहेर काढलं.

आणखी एक सांगतो म्हटलं तर तू चिडशील. माहा गुडघा दुखत नव्हता. मले आंब्यापर्यंत चालायचं नव्हतं.

अकरा हिवाळे झाले. घरून निघताना तू वामनरावसंग, मी रुपरावसंग. बेसाच्या रस्त्यावर शेवटचं घर मागे पडलं, तो मोठा आंबा आला, की तू म्हणते, “आता.” मग आपण बाजू बदलतो. येताना आंब्यापाशी पुन्हा बदलतो. रुपराव भला माणूस, पण पूर्ण वाटेनं मले बोंडअळीचं सांगते. मी मागून तुही पाठ पाहत चालतो.

आपल्यासंग येणारी ती देवकी अन् तिची मैत्रीण पाह्य. पोरी घरापासून हातात हात घालून चालतात. कोण पाहते त्यांच्याकडे? दोन बाया संग चालल्या तर ह्या गावात कुत्रं भुंकत नाही. हे मी पहिल्याच वर्षी म्हटलं होतं. पण तुले त्या शाळेतल्या मदरची शिट्टी ऐकू येते. तिनं तुले तेरा वर्षांची असताना भेवाडलं, अन् मी पन्नाशीत परक्या माणसाची बायको होऊन चालून राहिली.

रजिस्टर, तारा, मले काही नको. पुढच्या खेपेस कोणी पुसलं तर काय सांगू, तेवढं लिही.

गोपिका


धरमपेठ
सोमवार, १९ डिसेंबर

प्रिय गोपिका,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यावर रागावले, दुसऱ्यांदा मधुसूदनवर. तिसऱ्यांदा रागवायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

शिट्टीचं खरं आहे. मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या मारायच्या त्या तिघींनी किंवा चौघींनी, दोघींनी कधीच नाही. दोघी दिसल्या की शिट्टी. मी आणि एक मुलगी चिंचेच्या झाडामागून फेरी मारायचो, तिथे शिट्टी पोचत नाही असं वाटायचं. पोचली. तिला वसतिगृहाच्या दुसऱ्या दालनात झोपायला पाठवलं आणि मला सगळ्या वर्गासमोर विचारलं, “एवढं काय बोलायचं असतं तुम्हा दोघींना?” तेव्हापासून दोघींनी चालणं म्हणजे साऱ्या जगाला ओरडून सांगणं, असं माझ्या डोक्यात बसलं. अकरा वर्षांपूर्वी बेसाच्या रस्त्यावर त्या पोलीस शिपायाने “ह्या बाया कोणाच्या?” म्हणून हटकलं, तेव्हा मी जोड्या लावून दिल्या, आणि मला वाटलं किती हुशार आहे मी.

काल कोपऱ्यावर वामनराव थर्मास घ्यायला हात पुढे करून उभे. मी दिला नाही. म्हटलं, “आजपासून माझं ओझं माझ्याकडे.”

“मग मी कोणाबरोबर चालू?”

“तुमच्या शेजारी रुपराव उभे आहेत.”

“इथून? घरापासून?”

“सक्ती नाही. नियम माझा होता, तो मी मोडला. तुम्हाला नोकरी आहे, तुमचं तुम्ही ठरवा.”

वामनरावांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. साहेबाने अचानक दौरा काढावा तसा. शेवटी रुपरावच म्हणाले, “चाल ना गा. दोन माणसं संग चालून राहिले तर काय बैल बुजतात?” देवकी मागून म्हणाली, “काका, बैल नाही, तुम्हीच बुजले!” सगळे हसले आणि निघालो.

मधुसूदनच्या गॅलरीखालून गेलो. तो दात घासत होता. मला एकटी पाहून वाकला आणि फेसभरल्या तोंडाने ओरडला, “आत्या, भांडण झालं काय?” त्याला मी उत्तर देणार आहे, पण ते असं वर तोंड करून नाही.

आणि बाकी कोणी पाहिलंच नाही, गोपिका. पानवाला चुना कालवत होता, त्याने मान वर केली नाही. कंडक्टरने तिकिटं दिली आणि सुट्ट्या पैशांवरून कटकट केली. दोन पुरुष, दोन मुली, एक म्हातारी. कोणाला काय त्याचं? ज्या डोळ्यांपासून मी अकरा हिवाळे लपले ते डोळे नव्हतेच. काय ते दोन डोळे होते, गॅलरीतले, आणि त्यांना खोटं चित्र मीच दर रविवारी दाखवत होते.

बेसाला धुकं उशिरा उठलं. ज्वारीवर दव होतं, चपला भिजल्या. आंबा आला तशी मी सवयीने “आता” म्हणाले, आणि बदलायला काही नव्हतं. हेडफोनने माझा उजवा कान गेल्यापासून तू डावीकडून चालतेस. तिकडे नुसतं ऊन होतं. वामनराव-रुपराव पुढे निघून गेले होते. वामनराव इतके मोठ्याने बोलत होते की मला माझ्या बिघडलेल्या कानानेही ऐकू येत होतं. घरापासून आंब्यापर्यंत सोबत चालायला मिळालं की माणूस एवढं बोलतो, हे मला ठाऊक नव्हतं. हुरडा कोवळा होता. मी खाल्ला नाही. रुपरावांनी पुडी बांधून दिली, “गोपिकाबाईले द्या,” म्हणाले. ती आता ताकाच्या भांड्याशेजारी वाळते आहे.

तू विचारलंस, काय सांगू. इंग्रजीत शब्द आहेत, पण ते शिट्टीवाल्यांचे आहेत, ते मी घरात येऊ देणार नाही. मराठीतला मला अजून सापडला नाही. सापडेपर्यंत एवढं सांग: “हे माझं घर आहे, आणि शामला माझ्या घरची आहे.” कोणीही विचारलं तरी हेच. रेशनकार्डवाल्यालासुद्धा.

माझी चूक मी कबूल केली. त्याची चूक त्याच्याकडून मी वसूल करणार आहे. त्यात तू दया दाखवायची नाहीस.

तुझी,
शामला


(पोस्टकार्ड)
रामटेक, २१ डिसेंबर

शामल,

उघड्या कार्डावर लिहून राहिली. वाचू दे पोस्टमनले.

उत्तर चांगलं आहे. वहिनीले म्हणून पाहिलं. ती म्हणाली, “हे तर आम्हाले कधीचं ठाऊक आहे, त्यात सांगायचं काय?” अन् धान पाखडायले बसली.

मशीन जड आहे, आणायले दोन माणसं लागतील. पण त्यानं मले माह्या उंबऱ्यावरून भाडेकरू म्हणून काढलं. आता त्यानंच कागदावर लिहून बोलवावं. तोंडी नको. हे तुह्यापासूनच शिकली.

हुरडा वाळला तर फेकू नको.

गोपिका


धरमपेठ, नागपूर
शनिवार, २४ डिसेंबर १९७७
(रजिस्टर, पोचपावतीसह)

मधुसूदन,

तुझं १५ तारखेचं पत्र मिळालं. नऊ दिवस उत्तर दिलं नाही. ह्या नऊ दिवसांत मला अकरा जणांनी रस्त्यात थांबवून शुभेच्छा दिल्या. तुझ्या शोभाने हिरव्या बांगड्यांचं माप मागायला मोलकरीण पाठवली. प्रत्येकाला मी एकच सांगितलं, “खुलासा मधुसूदन सभेत करेल.” त्यामुळे दोनशे खुर्च्या पुरतील असं समजू नकोस.

वामनराव माझे जुने स्नेही आहेत. त्यांच्याशी माझं लग्न होणार नाही, कधी होणार नव्हतं. त्यांचं नाव तुझ्या तोंडून पुन्हा निघालं, तर तू मॅट्रिकला दुसऱ्या खेपेस कसा पास झालास ते मंडळाच्या अध्यक्षांना कळेल. मला वाटतं, त्यांना ते अजून ठाऊक नाही. आमच्याबरोबर आणखी कोण कोण चालतं आणि कसं, ह्याची चौकशीही करायची नाही. मी फक्त माझं सांगते आहे.

बेसाच्या रस्त्यावर एक मोठा आंबा आहे. अकरा वर्षं मी त्या आंब्यापर्यंत वामनरावांच्या शेजारून चालत आले, तुझ्यासारख्यांनी पाहावं म्हणून. आंब्यापुढे गोपिकेच्या शेजारून, कोणी पाहू नये म्हणून. तू गॅलरीतून पाहिलंस ते आंब्याच्या अलीकडचं. मी दाखवलं तेच तू पाहिलंस, एवढा दोष माझा, आणि त्याची शिक्षा म्हणून तेरा दिवस मी एकटी जेवते आहे.

पण चहा तू प्यायलास. माझ्या घरातल्या बाईला, मी घरी नसताना, “तुम्ही कोण?” हे तू विचारलंस. सत्तावीस वर्षं जी तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला सदरा शिवत आली, तुझ्या बापाच्या आजारपणात ज्या बाईने तीन महिने रात्रपाळी केली, तिला तू कोण म्हणून विचारलंस, आणि तिने घाबरून जो शब्द उच्चारला त्याची सोय पाहिलीस. तुला तिची अडचण वाटत होती. सुधारणेचं भाषण तुला मागाहून सुचलं.

सोबत तुझं प्रूफ परत पाठवते. मोकळी जागा माझ्या सुंदर अक्षरात, पक्क्या शाईने भरली आहे: ‘गोपिका रामाजी कामडी’. बाकी मजकुरात मला चूक आढळली नाही. ‘जीवनसाथी’ हा शब्द तूच निवडलास. तो योग्य आहे.

माझी पेन्शन बंद होत नाही, हे मी विचारून आले आहे. घर माझ्या नावावर आहे. साठ वर्षांच्या बाईला दालनाबाहेर झोपायला पाठवणारं आता कोणी उरलं नाही. मला भीती घालायला तुझ्याकडे काय आहे ते शोध, सापडलं तर कळव.

आता तू काय करायचं ते ऐक. पहिलं पत्र गोपिकेला, रामटेकच्या पत्त्यावर. त्यात ‘गैरसमज झाला’ असं लिहायचं नाही. गैरसमज आपोआप होतो, हे तू केलंस. “मी तुम्हाला तुमच्या घरातून काढलं, चुकलो, घरी परत या,” एवढं लिहायचं, खाली सही. मशीन आणायला तू स्वतः जायचंस, माणूस पाठवायचा नाही. ते जड आहे. उचलताना कळेल.

दुसरं पत्र मला. त्यात दोहोंपैकी एक लिही. पत्रिका मी भरली तशी छापतोस, खुर्च्या दोन मांडतोस, आणि लोक काय म्हणतील ह्या भीतीपोटी एकटे झुरणाऱ्या जिवांवरचं तुझं भाषण, एक शब्द न गाळता, आम्हा दोघींसमोर करतोस. किंवा सत्कार रद्द करतोस आणि का रद्द केला ते दोनशे घरांत जाऊन सांगतोस. मला सत्काराची हौस नाही, पण तुझी पंचाईत बघायची हौस पुष्कळ आहे, आणि ती मी लपवत नाही.

काहीच कळवलं नाहीस, तर १ जानेवारीला बरोबर दहा वाजता मी एकटी येईन, एका खुर्चीत बसेन, आणि दुसरी रिकामी का आहे ते माईकवरून सांगेन. माझा आवाज मुंबई-कलकत्त्यापर्यंत स्पष्ट जात असे.

दोन्ही पत्रांची मुदत शनिवार, ३१ डिसेंबर १९७७, संध्याकाळी पाच. गोपिकेच्या पत्राची नक्कल मला त्याच वेळेपर्यंत हवी. गॅलरीतून हाक मारलेली चालणार नाही, शोभाचा निरोप चालणार नाही. तुझं पुढारलेपण आंब्याच्या अलीकडे संपतं की पलीकडे जातं, हे मला तुझ्या हस्ताक्षरात, तारीख आणि वेळ घालून, लेखी हवं आहे.

शामला टेंभेकर